जलपर्णीतल्या मरळीसाठी फ्रॉग रॉड : हेवी घ्यावा की मीडियम हेवी?

तलावकाठ

नमस्कार मंडळी. भंडारा जिल्ह्यातल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांवर पाळीवरून (बांधावरून) मरळीसाठी फ्रॉग (बेडकाच्या आकाराचं नकली आमिष) टाकायचा आहे. नवा रॉड घ्यायचाय, सल्ला हवा.

सध्याचं सामान : ८ फुटी, दोन तुकड्यांचा स्पिनिंग रॉड, मीडियम पॉवर, मॉडरेट ऍक्शन, वर लुअर (नकली आमिष) १० ते ३० ग्रॅम असं छापलंय. ४००० साइजचं स्पिनिंग रील, पीई २ (पीई म्हणजे जाडीचा क्रमांक) ब्रेडेड, म्हणजे विणलेली लाइन. फ्रॉग दोन प्रकारचे आहेत. एक थाई धाटणीचा छोटा, मागे पातं फिरणारा. दुसरा पोकळ रबरी पोटाचा, मोठा.

अडचण अशी की झडप पडते, झटका मारला की फ्रॉग मोकळा परत येतो. लागलीच तर मरळ दोन सेकंदांत जलपर्णीच्या मुळांत शिरते आणि मग नुसता हिरवा भारा ओढावा लागतो. तलावात काठाला जलपर्णी, मध्ये कमळ, आणि एका अंगाला पाण्याखाली दाट गवत.

रॉडसाठी ५ हजारांपर्यंत जाऊ शकतो. प्रवास मोटरसायकलवर, त्यामुळे एक तुकड्याचा ७ फुटी रॉड नेणं अवघड. लांबी किती, पॉवर कोणती, आणि बेटकास्टर (रॉडच्या वर बसणारं, आडव्या स्पूलचं रील) घेतल्याशिवाय भागणार नाही का, एवढं सांगा.

---

पाणकणीस

भाऊ, दुखणं मॉडरेट ऍक्शनचं आहे. असा रॉड मध्यापर्यंत वाकतो. तुम्ही झटका मारता तेव्हा हाताची हालचाल आधी सैल लाइन गोळा करण्यात जाते, मग पानांवर नागमोडी पडलेली लाइन सरळ होण्यात, मग रॉड वाकण्यात. गळापर्यंत जे पोचतं ते फार थोडं.

आणि फ्रॉगला जोर इतर लुअरपेक्षा जास्त लागतो. बारीक तारेचे तिहेरी गळ नुसत्या ताणानंही रुततात. फ्रॉगचा दुहेरी गळ जाड तारेचा असतो आणि पोटाला चिकटून बसलेला असतो. आधी रबरी पोट दबायला हवं, मग दोन टोकं एकाच वेळी मरळीच्या हाडकट तोंडात घुसायला हवीत. मासा त्याच क्षणी खाली वळतो. त्याचं डोकं पहिल्या सेकंदात वर वळवलं नाही तर मुळं त्याची झाली.

पॉवर आणि ऍक्शन या दोन गोष्टी दुकानात हमखास एकत्र कालवतात. पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो. ऍक्शन म्हणजे तो कुठून वाकतो. तुम्हाला पॉवर हेवी आणि ऍक्शन फास्ट हवी, म्हणजे वरचा तिसरा हिस्सा वाकेल आणि खालचा बुंधा थोपून धरेल. एक्स्ट्रा फास्ट नको. त्यात शेंड्याचं वीतभर टोकच वाकतं, हलका फ्रॉग फेकला जात नाही आणि झडप दिसताच मारलेला घाईचा झटका फ्रॉगला थेट तोंडातून उपटतो.

आता हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि कोणी करत नाही. सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा घ्या आणि तुमचे फ्रॉग वजन करा, गळ, पातं, रिंग सगळ्यासकट. पाकिटावरच्या आकड्यावर जाऊ नका. पातं लावलेले छोटे फ्रॉग बहुतेक ६ ते ९ ग्रॅमचे निघतात, पोकळ पोटाचे १२ ते १८ ग्रॅमचे. बऱ्याच एक्स्ट्रा हेवी रॉडवर लुअर १/२ ते २ औंस लिहिलेलं असतं. १ औंस म्हणजे २८ ग्रॅम, म्हणजे त्या रॉडची सुरुवातच १४ ग्रॅमला होते. त्यावर ८ ग्रॅमचा फ्रॉग लावला तर शेंडा वाकतच नाही. रॉड न वाकता फेकलेला फ्रॉग म्हणजे हातानं भिरकावलेला दगड. ना लांब जातो, ना नेमका पडतो. फ्रॉगचं वजन रॉडवर छापलेल्या मर्यादेच्या मधोमध यावं, टोकाला नको.

म्हणून माझा आकडा : ७ फूट, हेवी, फास्ट, लुअर १/४ ते १ औंस (७ ते २८ ग्रॅम). एका कंपनीचा हेवी दुसरीच्या मीडियम हेवीएवढाच असतो, त्यामुळे नावापेक्षा छापील ग्रॅम वाचा. दोन्ही फ्रॉग यात बसतात. लाइन पीई ४, म्हणजे साधारण ०.३३ मिमी. तुमची पीई २ फक्त ०.२३५ मिमीची आहे. ओढीला ती तुटणार नाही कदाचित, पण कमळाच्या काटेरी देठावर घासली की गेली.

दुकानात तपासायची पद्धत. रॉड जोडा, रील लावा, लाइन सगळ्या गाइडमधून (रॉडवरच्या कड्यांमधून) ओवा. अर्धा लिटर पाण्याची बाटली लाइनला बांधा, रॉड आडवा धरा आणि बाटली हळू उचला. एवढ्या वजनाला वरचाच हिस्सा वाकायला हवा. मग १ लिटरची बाटली. आता बाक खाली सरकेल, पण रीलच्या पुढचा खालचा निम्मा भाग जवळपास सरळ दिसायला हवा. पार मुठीपर्यंत कमान झाली तर तो रॉड ठेवून द्या. छताला किंवा फरशीला शेंडा टेकवून वाकवून दाखवणारे असतात, त्यांना थांबवा. त्यानं शेंडा मोडतो आणि चांगला रॉड कोणता ते तरीही कळत नाही.

---

उजनीकाठचा गळ

पाणकणीस यांच्याशी सहमत, पण ७ फूट हा आकडा पाळीवरून थोडा वाढवावा असं मला वाटतं. पाळीवरून टाकताना पाण्याच्या आणि तुमच्या मध्ये उतार असतो, उतारावर झुडपं, मग काठाची जलपर्णी. लाइन जितकी वर उचललेली राहील तितकी पानांवर कमी घासते. ७ फूट ३ इंच मिळाला तर तो घ्या.

मात्र लांब रॉड म्हणजे ताकदवान रॉड हा समज सोडा. गणित उलटं आहे. रॉड हा तरफ आहे आणि लांब बाजू माशाच्या हातात आहे. मूठ पोटाला टेकवून पुढचा हात तिच्यापासून २५ सेंमीवर धरला, तर ७ फुटी म्हणजे २१३ सेंमी रॉडच्या शेंड्यावर १ किलो ओढ आली की पुढच्या हातावर साडेआठ किलो येतात. ८ फुटीत तोच आकडा पावणेदहाच्या आसपास. रॉड वाकला की शेंडा आत येतो, तरफ आखूड होते आणि हा भार कमी होतो. म्हणूनच वरचा हिस्सा वाकणारा आणि बुंधा ताठ असलेला रॉड हाताला सोसतो, आणि सबंध ताठ दांडका सोसत नाही.

मुठीची लांबीही बघा. रील सीटच्या मागे ९ ते १० इंच दांडा हवा. कोपराखाली घट्ट बसतो, दोन हातांनी फेकता येतं, आणि झटक्याला कोपराचा आधार मिळतो. आखूड मूठ होडीत किंवा ट्यूबवर बसून टाकायला बरी. तिथं ६ फूट ६ इंचाचा रॉडही चालतो, कारण तुम्ही जलपर्णीतल्या भोकाच्या जवळ जाऊ शकता आणि शेंडा पाण्यावर आपटत नाही.

तुमच्या तलावात तीन वेगवेगळी झाडोऱ्याची ठिकाणं आहेत आणि प्रत्येक ठिकाणी रॉडकडून वेगळं काम लागतं.

जलपर्णी तरंगते, मुळं खाली लोंबतात. मरळ पाण्यावर येऊन हवा घेते, त्यामुळे जलपर्णीतली भोकं आणि दोन गठ्ठ्यांमधल्या फटी याच तिच्या जागा. बुडबुडा किंवा गोल लाट दिसली की तिच्या दीड-दोन हात पलीकडे फ्रॉग टाकून त्या जागेवरून आणायचा. फेक १० ते १५ मीटरचीच, पण नेमकी. इथं शेंड्याला मऊपणा हवा, नाहीतर फ्रॉग भोकात पडायच्या ऐवजी पानांवर आदळतो.

कमळ सगळ्यात वाईट. पानं पाण्याच्या वर उभी असतात, देठ चिवट आणि काटेरी, आणि लाइन दोन देठांमध्ये अडकते. मासा लागला की लाइन देठाभोवती काटकोनात वळते आणि तुमच्या झटक्याचा जोर त्या देठावर संपतो. कमळात आडवी लांब फेक करूच नये. ज्या गल्लीतून ओढायचं ती सरळ तुमच्याकडे येत असेल तरच टाका. पोयणीचं तसं नाही. तिची पानं पाण्यावर सपाट पसरतात, फ्रॉग त्यांवरून छान सरकतो, आणि पानाच्या कडेवरून पाण्यात टपकन पडतो तेव्हाच बहुतेक झडप येते.

पाण्याखालच्या गवतावर मात्र लांब फेक लागते, २५ ते ३० मीटर, आणि तिथं ७ फूट ३ इंच आणि १५ ग्रॅमचा फ्रॉग यांचा खरा उपयोग.

---

आडवी चकती

बेटकास्टर नसेल तर भागणार नाही का, याचं सरळ उत्तर : भागतं. स्पिनिंगवर व्यवस्थित फ्रॉग टाकता येतो, आणि ७-८ ग्रॅमचा फ्रॉग पीई ४ लाइनवर स्वस्त बेटकास्टरनं फेकणं हे नवख्याला त्रासाचंच आहे. हलकं लुअर जड स्पूल (लाइन गुंडाळलेली चकती) फिरवू शकत नाही, स्पूल मागे राहतो किंवा पुढे पळतो, आणि लाइनचा गुंता होतो. १४ ग्रॅमच्या वर ती अडचण बरीच कमी होते.

बेटकास्टरचा फायदा ओढीत आहे. लाइन स्पूलवर सरळ गुंडाळली जाते, अंगठा स्पूलवर दाबून झटका मारता येतो, लाइन तसूभर सुटत नाही. रील घ्यायचंच झालं तर गिअर ७:१ किंवा वर. ३४ मिमी स्पूल भरलेला असताना ७:१ म्हणजे एका फेऱ्याला जवळपास ७५ सेंमी लाइन. झडपेनंतरची ढील गोळा करायला एवढा वेग लागतोच.

स्पिनिंगवर राहायचं ठरवलंत तर या गोष्टी सांभाळा. तुमच्या ४००० रीलवर लाइन पीई ३ ठेवा, ०.२८५ मिमी. पीई ४ बसते, पण कमी मीटर बसते आणि कडक लाइनचे वेटोळे फेकताना सुटतात. नागमोडी उडणारी लाइन आवरायला पहिलं गाइड मोठं, २५ ते ३० मिमी रिंगचं, आणि रीलपासून पुरेसं दूर हवं. ब्रेडेड लाइन थेट गुळगुळीत स्पूलवर बांधू नका. आधी पाच-सहा मीटर साधी नायलॉन लाइन गुंडाळा, मग त्यावर ब्रेडेड. थेट बांधली तर सगळी लाइनच स्पूलवर गोल फिरते. ड्रॅग (ओढ वाढली की लाइन सोडणारा रीलचा ब्रेक) आवळलेला असतो, मासा ओढतो, हँडल फिरतं, पण लाइन आत येत नाही. लोकांना वाटतं ड्रॅग खराब झाला आणि रील उघडून बसतात.

हँडल फिरवायच्या आधी थोडं मागे जातं का तेही बघा. रीलमध्ये उलटं न फिरू देणारं बेअरिंग झिजलं की हँडल पाव फेरा मागे घसरतं, आणि झटक्याचा तेवढा भाग वाया जातो.

दोन तुकड्यांबद्दल घाबरू नका. मूठ वेगळी होणारे रॉड मोटरसायकलवाल्यांना सुचवतात, पण ७ फुटीची मूठ काढली तरी उरलेला दांडा पावणेसहा फुटांचा राहतो. तुम्हाला मधोमध जोड असलेलाच सोयीचा, दोन तुकडे साधारण ११० सेंमीचे. जोड मोडतो तो कमजोर असतो म्हणून नव्हे, फेकता फेकता सैल होतो म्हणून. अर्धा सेंमी सुटलेला जोड झटक्याला फाटतो. जोडताना वरचा तुकडा पाव फेरा वाकडा धरून आत ढकला आणि ढकलतानाच पिळून गाइड रांगेत आणा. आत जाणाऱ्या (नर) भागाला साधी मेणबत्ती घासा. दर अर्ध्या तासानं पिळून खात्री करा. नेण्यासाठी ७५ मिमीचा पीव्हीसी पाइप, १२० सेंमी कापलेला, एका टोकाला कायमचं झाकण, दुसऱ्याला काढता येणारं, आत दोन्ही टोकांना फोमचा तुकडा. ६३ मिमीमध्ये स्पिनिंगचं मोठं गाइड अडकतं.

---

तलावकाठ

सगळ्यांचे आभार. फ्रॉग वजन केले. छोटा ७.५ ग्रॅम, मोठा १६ ग्रॅम.

नागपूरच्या दुकानात बजेटमध्ये दोन रॉड आहेत.

पहिला : ७ फूट, एक्स्ट्रा हेवी, फास्ट, लुअर १/२ ते २ औंस, ४० टन कार्बन, बेटकास्टिंग, एक तुकडा.

दुसरा : ७ फूट, हेवी, फास्ट, लुअर १/४ ते १ औंस, २४ टन कार्बन, स्पिनिंग आणि बेटकास्टिंग दोन्ही प्रकारांत मिळतो, दोन तुकडे. बेटकास्टिंगवाल्याला अगदी बारीक गाइड आहेत, स्पिनिंगवाल्याला नेहमीची. दुकानदार पहिल्याचा आग्रह धरतोय कारण ४० टन.

---

पाणकणीस

दुसरा, आणि स्पिनिंग प्रकारातला.

टनाचा आकडा ताकद सांगत नाही. तो कार्बन धाग्याचा ताठपणा सांगतो. ४० टनाचा दांडा तेवढ्याच पॉवरला हलका करता येतो आणि माशाची चाहूल हाताला चांगली देतो, पण धागा जितका ताठ तितका आघाताला नाजूक. पाळीवरच्या दगडावर पडला, मोटरसायकलच्या कॅरिअरवर ठोकला गेला, बारीक तडा गेला, तो दिसत नाही, आणि महिन्यानं झटक्याला तिथंच मोडतो. फ्रॉगमध्ये झडप डोळ्यांनी दिसते, कानांनी ऐकू येते. चाहूल हाताला लागायची गरजच कमी. या कामाला २४ किंवा ३० टन उत्तम. आणि ७.५ ग्रॅमचा फ्रॉग पहिल्या रॉडच्या खालच्या मर्यादेच्या निम्मा भरतो, एवढ्यावरच तो बाद.

बारीक गाइड स्वच्छ पाण्यात छान असतात, वजन वाचतं. शेवाळ असलेल्या पाण्यात त्यांत लिबलिबीत चिखल अडकतो, लीडरची (लाइनच्या टोकाला जोडलेल्या जाड नायलॉनच्या तुकड्याची) गाठ अडते. तुम्हाला लीडर लागणार, म्हणून नेहमीचीच गाइड.

दुकानात प्रत्येक रिंगमधून कापसाचा बोळा फिरवा, तंतू अडकला तर रिंगला तडा आहे. तडकलेली रिंग ब्रेडेड लाइन एका दिवसात कातरून टाकते. शेंड्याचं गाइड दोनदा तपासा, सगळा घास तिथंच बसतो. निदान खालच्या दोन-तीन गाइडचे पाय दोन बाजूंनी बांधलेले असावेत.

---

उजनीकाठचा गळ

लीडरचं जरा. जलपर्णीत लीडर नसला तरी चालतो, ब्रेडेड लाइन थेट पालोमार गाठीनं फ्रॉगला बांधा. मोठ्या मरळीचे दात आणि कमळाचे देठ यांसाठी ४०-५० पौंडी नायलॉन लीडर, पण हातभरच. फ्लुरोकार्बन बुडतो आणि हलक्या फ्रॉगचं नाक खाली खेचतो, नायलॉन तसं करत नाही. लाइन आणि लीडर जोडायला एफजी नावाची बारीक गाठ बांधा. फेकताना ती शेंड्याच्या बाहेरच राहावी.

आता रॉड चांगला घेऊनही झडपा चुकत राहतील, कारण निम्मा दोष फ्रॉगचा असतो. पोकळ फ्रॉग अंगठा आणि तर्जनीत धरून दाबा. गळाची दोन्ही टोकं पूर्ण उघडी पडली पाहिजेत. नाही पडली तर रबर कडक आहे. गरम पाण्यात दोन मिनिटं बुडवून काढा, मऊ होतं. तरीही नाही तर पक्कडीनं दोन्ही टोकं किंचित, २ मिमी, बाहेर वळवा. जास्त वळवली तर प्रत्येक पान पकडेल. पोटात पाणी शिरतं, दर काही फेकींनी पिळून काढा. पाणी भरलेला १६ ग्रॅमचा फ्रॉग सहज २० च्या पुढे जातो, जड पडतो आणि दाबला जात नाही. मागचे झालर-पाय लांब असतील तर तीन-चार बोटं ठेवून कापा. मासे पायच धरून सोडून देतात.

झटक्याची वेळ. पाणी उडालं की मारायचं नाही. फ्रॉग दिसेनासा झाला, लाइन हलली किंवा ताणली, शेंडा खाली करत एक-दोन फेरे ढील गोळा केली, मग मारायचं. 'एक' म्हणायला लागतो एवढाच हा वेळ. पाळ उंच असल्यामुळे झटका वर खांद्याकडे. आडवा मारला तर लाइन काठच्या झुडपात जाते. मारल्यावर थांबायचं नाही, शेंडा परत खाली न सोडता हँडल फिरवत राहायचं. मासा पानांच्या वर घसरला पाहिजे. तो जलपर्णीवरून सरकत आला की जिंकलात.

---

आडवी चकती

रॉड मोडायच्या दोन वेळा ठरलेल्या असतात, दोन्हीत मासा जवळ असतो.

पहिली, मासा पायाशी आला आणि रॉड उभा केला. लाइन आणि रॉड यांच्यातला कोन बंद झाला की सगळा भार शेंड्याच्या वरच्या हातभर भागावर येतो, बुंधा काहीच करत नाही. हेवी रॉडचा शेंडाही बारीकच असतो. रॉड खांद्याच्या वर नेऊ नका, मागे चार पावलं चालत जा आणि मासा काठावर सरकवा. रॉडनं उचलू नका. पाळीचा उतार दगडी असेल तर लांब दांड्याचं जाळं न्या.

दुसरी, माशासकट दहा किलोचा जलपर्णीचा गठ्ठा. रॉडनं उपसू नका. शेंडा सरळ गठ्ठ्याकडे रोखा, स्पूल हातानं दाबा आणि मागे चाला. अडकलेला फ्रॉग सोडवतानाही हेच. लाइन उघड्या हाताला गुंडाळायची नाही, पीई ३ बोट हाडापर्यंत कापते. काठीच्या तुकड्याला पाच-सहा वेढे द्या आणि काठी ओढा.

ड्रॅग सामान तोलायच्या लटकत्या वजनकाट्यानं लावा. लाइन रॉडमधून न ओवता थेट रीलवरून ओढा, ५ किलोला सुटली पाहिजे. ४००० रीलला एवढं बस. पूर्ण आवळून ठेवला तर पीई ३ टिकेल, पण स्वस्त रीलच्या पिनियनचे दात जातील.

आणि मामा तलावांवर शेतीच्या विजेच्या तारा पाळीवरून गेलेल्या असतात. कार्बन वीज वाहून नेतो. फेकायच्या आधी डोक्यावर बघा. गडगडाट सुरू झाला की रॉड आडवा ठेवून दूर व्हा.

---

पाणकणीस

एक गोष्ट राहिली आणि ती रॉडपेक्षा मोठी आहे. पावसाळ्यात पानांच्या मधल्या मोकळ्या जागेत लालसर-नारिंगी पिल्लांचा घोळका वरखाली होताना दिसेल, पाणी उकळल्यासारखं. खाली आईबाप राखणीला असतात. त्यांवर फ्रॉग टाकला तर झडप नक्की येते, कारण ती भूक नसते, राखण असते. पालक काढून घेतला की बाकीचे मासे तो घोळका बघता बघता संपवतात. म्हणजे एका मरळीसाठी पुढची सगळी पिढी गेली. तिथून पुढे चला. चुकून लागली तर पाण्यातच गळ काढून त्याच जागी सोडा. गळाच्या टोकाजवळचे उलटे काटे पक्कडीनं आधीच दाबून ठेवलेत तर हे दोन क्षणांचं काम असतं. ढील दिली नाही तर बिनकाट्याच्या गळावरूनही मरळ सुटत नाही.

बरेच तलाव मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्यानं असतात. आधी त्यांना विचारा. जाळी कुठे लावलीत तेही ते सांगतात, फ्रॉग आणि जाळं दोन्ही वाचतं.

---

तलावकाठ

दुसरा रॉड, स्पिनिंग, घेतो. लाइन पीई ३. शेवटचं एक विचारतो. छोट्या ७.५ ग्रॅमच्या फ्रॉगला थोडं वजन वाढवलं तर चालेल का? रॉडच्या अगदी खालच्या टोकाला बसतोय तो.

---

उजनीकाठचा गळ

चालेल, पण पोटात शिसं टाकू नका, फ्रॉग तिरका बसतो. गळाच्या दांड्यावर, दोन गळ जिथून फुटतात त्याच्या लगेच पुढे, पातळ शिशाची तार चार-पाच वेढे गुंडाळा, साधारण दीड-दोन ग्रॅम. वर सुपरग्लूचा थेंब. मग बादलीत सोडून बघा. शेपूट किंचित खाली, नाक वर, पाठ पाण्याबाहेर असं तरंगलं पाहिजे. नाक बुडालं तर एक वेढा कमी करा. पातं अर्धं पाण्यात राहिलं पाहिजे, पूर्ण बुडालं तर ते नुसतं ओढलं जातं, फिरत नाही.